वळचणीखालचा माणूस

काना-मात्रा : वाचकांचे शब्द, वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, मी ऐरोलीला मुलाकडे राहतो. वय ७९. घर वन बीएचके, त्यामुळे हॉलमधला दिवाण हीच माझी खोली. परवा नात गॅलरीत उभी राहून फोनवर मैत्रिणीशी बोलत होती. कुठल्याशा मुलाचा विषय चालला होता. मी पेपर वाचत होतो, म्हणजे पेपर तोंडासमोर होता. मध्येच तिनं आत डोकावून म्हटलं, ‘आजोबा, डोन्ट ईव्ज्ड्रॉप!’ माझी सगळी नोकरी इंग्रजी पत्रव्यवहारात गेली, पण हा शब्द काही बसला नाही. डिक्शनरीत ‘चोरून ऐकणे’ असा अर्थ मिळाला. चोरून समजलं, पण यात ‘ड्रॉप’ कुठून आलं? मी तर काही पाडलं नव्हतं. मराठीत याला एकच शब्द आहे का? आणि तुम्हालाच विचारतो, मी चोर आहे का?

उत्तर : आजोबा, ‘पेपर तोंडासमोर होता’ हे तुम्ही लिहिलंत तिथेच माझा तुमच्यावर विश्वास बसला.

आधी ‘ड्रॉप’ उरकू. ते पाडणं नाही, तो थेंब आहे. ‘ईव्ज’ म्हणजे छपराची भिंतीबाहेर आलेली कड, आपली वळचण. वळचणीवरून ठिबकणारं पाणी ते ईव्ज्ड्रॉप. थोडक्यात, पागोळी! पागोळी म्हटलं की तुमच्या पिढीला पुढचं समजावून सांगावं लागत नाही. अडचण नातीची आहे. ती विसाव्या मजल्यांच्या जमान्यात वाढली, तिथे पाणी पाइपातून आवाज न करता खाली जातं.

माझं लहानपण ठाण्यात खारकर आळीतल्या कौलारू घरात गेलं. आता तिथे सात मजले उभे आहेत आणि खाली झेरॉक्सचं दुकान आहे. आमच्या आणि शेजारच्यांच्या घरामध्ये एक बोळ होता, मोठ्या माणसाला अंग चोरून जावं लागेल एवढा. दोन्ही घरांची कौलं त्या बोळावर झुकलेली. पाऊस लागला की दोन्हीकडून पागोळ्या सुरू व्हायच्या, आणि त्या पडत तिथे मातीत बारीक खळग्यांची सरळ रेघ उमटायची, आईनं मशीनवर टीप मारावी तशी. त्या रेघेच्या आत, भिंतीला पाठ लावून उभं राहिलं की माणूस कोरडा. एक पाऊल पुढे टाकलं की चिंब.

त्या कोरड्या पट्टीत मी एकदा उभी होते. साल १९६४, मी ११ वर्षांची. थोरल्या बहिणीला बघायला पाहुणे आले होते आणि आम्हा लहानांना मागच्या दारी पिटाळलं होतं. मी बोळातून फिरून माजघराच्या खिडकीखाली गेले. मला देण्याघेण्याचं बोलणं ऐकायचं होतं, कारण त्यावर माझ्या नव्या दप्तराचं भवितव्य अवलंबून होतं. पण ऐकू काय येणार? कौलांवर पावसाचा ताशा आणि दोन्ही बाजूंनी पागोळ्यांची पडझड. अर्ध्या तासात एकच शब्द कळला, ‘साखर’. ती साखरपुड्यातली की चहातली, हे रात्रीपर्यंत समजलं नाही. (चहातली होती. पाहुणे परत आले नाहीत.) पकडली गेले ती पायांमुळे. घोट्यापर्यंत बोळातला चिखल, आणि फ्रॉकच्या पाठीला भिंतीचा सगळा चुना. आजी एवढंच म्हणाली, ‘वळचणीला पाल चिकटावी तशी चिकटली होतीस होय गं?’

पुढे कितीतरी वर्षांनी ईव्ज्ड्रॉपरचा मूळ अर्थ वाचला तेव्हा मला तो चुना आठवला. घराची भिंत आणि पागोळीची रेघ यांच्यामधल्या जागेत उभा राहून आतलं बोलणं ऐकणारा माणूस, तो ईव्ज्ड्रॉपर. शब्दानं त्याचा कान पाहिला नाही, त्याची उभं राहायची जागा पाहिली. लेकीकडे मी एकदा महिनाभर इंग्लंडात राहिले होते. तिथला पाऊस चाळणीतून पीठ पडावं तसा भुरभुरतो, माणसं छत्री न उघडता चालतात. असल्या पावसात खिडकीखाली उभं राहून आतलं नीट ऐकू येत असणार. आषाढातल्या ठाण्यात हा शब्द जन्मलाच नसता. हे आपलं माझं तर्कट, कोशात शोधू नका.

कोशातलं आहे ते असं. या शब्दाची सर्वांत जुनी नोंद इ. स. ८६८ मधल्या, इंग्लंडातल्या केंट परगण्याच्या एका दानपत्रात मिळते, आणि तिचा ऐकण्याशी काडीचा संबंध नाही. तिथल्या रिवाजाप्रमाणे दोन घरांच्या मध्ये वळचणीच्या पाण्यासाठी दोन फूट जागा सोडायची, एवढंच त्यात म्हटलंय. म्हणजे आमचा बोळच की! तेव्हाचं रूप ‘ड्रॉप’पेक्षा ‘ड्रिप’च्या जवळचं होतं. आपल्या छपराचं पाणी दुसऱ्याच्या अंगणात पडलं तर भांडण ठरलेलं, मग तो केंट असो की कोकण. रोमन लोकांनी तर याला कायद्यात स्वतंत्र नाव दिलं होतं, ‘स्टिलिसिडियम’, म्हणजे थेंबांचं पडणं. आपल्या छपराचं पाणी शेजाऱ्याच्या जमिनीवर सोडण्याचा हक्क त्यात येतो. सम्राट जस्टिनियननं ५३३ साली काढलेल्या कायद्याच्या पाठ्यपुस्तकातही तो आहे. आज ठाणे महापालिकेत नकाशा घेऊन गेलात तर ‘सामासिक अंतर’ किती सोडलंत म्हणून विचारतात. त्यामागे वारा, उजेड, आगीचा बंब अशी आणखी कारणं आहेत, पण पूर्वज हाच. तेव्हा मुळात हा शब्द मोजणीदाराचा होता. कानापर्यंत तो नंतर आला.

आला तोही तक्रार म्हणून. पंधराव्या शतकात इंग्लंडातल्या गावोगावच्या पंचांच्या कागदांत ईव्ज्ड्रॉपर दिसायला लागतात. नॉटिंगहॅमच्या १४८७ च्या नोंदीत पंचांनी एका इसमावर ठपका ठेवलाय की हा नेहमीचा ईव्ज्ड्रॉपर आहे आणि रात्रीबेरात्री भटकतो. ‘ईव्ज्ड्रॉप करणे’ हे क्रियापद मात्र त्यानंतर शंभरेक वर्षांनी त्याच माणसावरून तयार झालं. आधी चोर सापडला, मग चोरीला नाव मिळालं.

आता तुमच्या कामाचं. विल्यम ब्लॅकस्टन नावाच्या कायदेपंडितानं इंग्लंडच्या कायद्यावर चार मोठे खंड लिहिले. त्यातल्या १७६९ च्या चौथ्या खंडात हा गुन्हा सार्वजनिक उपद्रवांच्या यादीत आहे. भिंतीखाली, खिडकीखाली किंवा वळचणीखाली राहून लोकांचं बोलणं ऐकणारे, आणि त्यावरून बदनामीच्या, कळ लावणाऱ्या गोष्टी रचणारे, अशी त्याची व्याख्या. शिक्षा म्हणजे दंड आणि चांगल्या वागणुकीचा जामीन. आपल्याकडे चॅप्टर केसमध्ये लिहून घेतात त्यातलाच प्रकार. व्याख्येतला तो ‘आणि’ नीट वाचा. नुसतं ऐकून भागत नव्हतं, बाहेर जाऊन कहाणी रचावी लागत होती.

हा गुन्हा इंग्लंडात १९६७ च्या फौजदारी कायद्यानं रद्द झाला. त्याच कलमात ‘कजाग बाई’ असण्याचा गुन्हाही रद्द झाला. हो, तो खरोखर गुन्हा होता, आणि तो फक्त बाईलाच लागू होता. पुरुष कितीही कजाग असला तरी कायद्याच्या लॅटिनमध्ये त्याच्यासाठी शब्द नव्हता.

जाता जाता ‘ईव्ज’च्या शेवटच्या ‘स’बद्दल. तो अनेकवचनाचा नाही. जुन्या इंग्रजीत वळचणीला ‘एफेस’ म्हणत, तो एकवचनी शब्द, ‘स’ त्याच्या अंगचाच. पुढे लोकांना ते अनेकवचन वाटलं आणि त्यांनी शेपूट कापून ‘ईव्ह’ असं एकवचन बनवलं. वाटाण्याच्या ‘पी’चंही तसंच, मूळ एकवचन ‘पीज’. आपण नेमकं उलटं करतो. ‘एक शूज सापडत नाहीये’ आणि ‘एक चिप्स दे’ हे माझ्या घरी रोज ऐकू येतं.

मराठीत एकच शब्द आहे का? नाही, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. मागे एका वाचकानं ‘कर्णचौर्य’ सुचवला होता. तो मी त्यांनाच साभार परत केला. ‘कानोसा घेणे’ जवळ येतं, पण कानोशात गुन्हा नाही. रात्री कुत्री भुंकली तर घरधनी कानोसा घेतो, निवडणुकीआधी पुढारी हवेचा कानोसा घेतात. ‘कान टवकारणे’ जनावरांकडून आलं, त्यात तर अब्रूचा प्रश्नच येत नाही. ‘दाराला कान लावणे’ म्हणायचं तर दार हवं, आणि तुमच्या हॉलला ते नाही.

आपली भाषा ऐकणाऱ्यावर फारशी रागावतच नाही. तिचा राग सगळा ऐकवणाऱ्यावर. कान भरणारा, कान फुंकणारा, चहाडखोर, चुगलखोर, कळलाव्या, लावालावी करणारा, आणि संस्कृतातून आलेला कर्णेजप, म्हणजे दुसऱ्याच्या कानाशी जप करत बसणारा! मोजायला गेलं तर बोटं पुरत नाहीत. ऐकणारा सापडलाच तर आपण त्याला ‘हलक्या कानाचा’ म्हणतो. तेही तो ऐकतो म्हणून नव्हे, ऐकलेलं सगळं खरं मानतो म्हणून. आणि अगदीच कोणावर बोट ठेवायचं नसेल तर भिंतीलाच कान आहेत म्हणून मोकळे होतो.

पण वळचण? ती आपल्याकडेही छपरावरून उतरून माणसांच्या वागण्यात आली आहे, फक्त वेगळ्या वाटेनं. आपल्या वळचणीखाली ऐकणारा उभा नाही, आसरा घेणारा उभा आहे. पावसात सापडलेला वाटसरू, ओलं कुत्रं, चिमण्या, पसारा आवरून थांबलेला कल्हईवाला. वळचणीला कोयता खोचायचा, छत्री अडकवायची. दर निवडणुकीनंतर पेपरात येतं की अमुक नेते ‘सत्तेच्या वळचणीला गेले’. त्यातला नेता आतलं ऐकायला गेलेला नसतो, भिजायला नको म्हणून गेलेला असतो. (ऐकतोही, पण तो दुसऱ्या सदराचा विषय.) ‘वळचणीचं पाणी आढ्याला नेणं’ ही म्हण घ्या. खाली पडणारं पाणी उलट छपराच्या शेंड्याला चढवायचं, म्हणजे उफराटा खटाटोप. तिथेही पाणीच आहे, कानाचं नाव नाही. दोन फुटांची तीच कोरडी पट्टी, तिच्यावर इंग्रजांना चोर दिसला आणि आपल्याला भिजलेला माणूस.

म्हणून आपण फार सज्जन, असं मात्र समजू नका. आमच्या आळीत चोरून ऐकायची गरजच नव्हती. पहाटे साडेपाचला नळ यायचा आणि सातपर्यंत सगळ्यांनी सगळ्यांचं ऐकून झालेलं असायचं.

आता शेवटचा प्रश्न, मी चोर आहे का. तो मला विचारलात हे बरं केलंत, कारण दुसऱ्यांचं बोलणं ऐकण्याचा मी महिन्याच्या महिन्याला पगार घेतलेला आहे. १९७४ साली मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक बोर्डावर लागले. समोर बोर्ड, हातात कॉर्ड, कानाला हेडसेट. कॉल ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग, नाहीतर पीपी, म्हणजे अमुकच माणूस फोनवर आला तर जोडायचा. जोडून दिला की आपण बाजूला व्हायचं आणि तीन मिनिटांनी मध्ये जाऊन ‘थ्री मिनिट्स’ सांगायचं. पण लाइन जिवंत आहे की नाही हे ऐकल्याशिवाय कसं कळणार? ऐकावंच लागायचं. १८८५ च्या तार कायद्यात नोकरीतल्या माणसानं ऐकलेलं बाहेर फोडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद होती. आमच्या सुपरवायझर बाईंना कलमं सांगायला वेळ नसायचा. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, ‘इथलं इथेच. डब्यातून घरी न्यायचं नाही.’

एका मे महिन्यात एका गृहस्थांनी रत्नागिरीला भावाला अर्जंट कॉल लावला. विषय आंब्याच्या पेट्या. लाइन इतकी खराब की त्या दोघांना एकमेकांचं काहीच ऐकू येईना, मला मात्र दोघांचंही ऐकू येत होतं. असं झालं की ऑपरेटरनं मध्ये बसून निरोप्याचं काम करायचं. ‘ते विचारतायत, पेट्या निघाल्या का?’ ‘ते म्हणतात, मागचे पैसे आधी.’ ‘ते म्हणतात, मागच्या पेटीत निम्मे आंबे डागी होते.’ ‘ते म्हणतात...’ आणि रत्नागिरीहून एक शिवी आली. अस्सल, दोन पिढ्यांना कवेत घेणारी. मी दोन सेकंद गप्प. ठाणेकर ओरडले, ‘काय म्हणाला तो?’ मी म्हटलं, ‘लाइन खराब आहे.’ मग ठाण्याहूनही एक गेली, तीही माझ्याकडेच जमा झाली. त्या सहा मिनिटांत मी चोरून काही ऐकलं नाही. दोघांनाही माहीत होतं की मी ऐकते आहे, मी ऐकलं नसतं तर त्यांचं बोलणंच झालं नसतं. तरी त्या दिवशी घरी जाताना मला चोरट्यासारखं वाटत होतं, कारण एका घराण्याच्या शिव्या माझ्या पर्समध्ये होत्या आणि त्या कोणाला दाखवायची सोय नव्हती. नवऱ्यालाही नाही. त्याला बिचाऱ्याला वाटलं मला उन्हाचा त्रास झालाय. आज ट्रंक बोर्ड राहिला नाही आणि त्या भावांची नावं मला आठवत नाहीत, म्हणून लिहिते आहे.

तर आजोबा, ब्लॅकस्टनच्या मापानं तुमचा निम्मा गुन्हा शाबीत होतो, तोही पेपर तोंडासमोर धरल्यामुळे. दिवाणावर पडल्या पडल्या जे आपोआप कानावर पडतं त्याला इंग्रजीत वेगळा शब्द आहे, ‘ओव्हरहिअर’. पहिली पाच मिनिटं तुमचं ते चाललं होतं. विषय मुलाचा आहे हे कळल्यावर पान उलटायचं राहून गेलं, तिथून पुढे नातीचा शब्द बरोबर. निम्मा गुन्हा राहिला तो सुनेजवळ काही बोललात का, यावर. पत्रात तुम्ही त्याचा उल्लेख केलेला नाही आणि मीही विचारणार नाही. इथलं इथेच.

नातीला मात्र एक गोष्ट सांगायला हरकत नाही. गॅलरी म्हणजे घराच्या भिंतीबाहेरची, वरच्या मजल्याच्या छज्ज्याखालची जागा. पावसाळ्यात तिच्या कडेवरून पागोळ्या पडतात. शब्दाचा जन्म पाहिला तर त्या संध्याकाळी वळचणीखाली तीच उभी होती. तुम्ही आपल्या घरात होतात.

*

प्रश्न : मी कळव्याला राहतो, बारावीत आहे. इंग्रजी सिरीजमध्ये एक जण दुसऱ्याला म्हणतो, ‘स्टॉप इअरविगिंग!’ म्हणजे पण ईव्ज्ड्रॉपिंगच का? आणि ‘विग’ म्हणजे केसांचा टोप का?

उत्तर : हो, ब्रिटिश बोलीत अर्थ तोच. टोपाचा संबंध नाही. इअरविग हा किडा आहे, शेपटीला चिमट्यासारखे दोन आकडे असलेला. जुन्या इंग्रजीत ‘विग’च्या जागी किडा या अर्थाचा शब्द होता, म्हणजे हा ‘कानकिडा’. झोपलेल्या माणसाच्या कानात शिरतो अशी समजूत होती म्हणून हे नाव. प्रत्यक्षात तो ओल्या पालापाचोळ्यात आणि झाडाच्या सालीखाली राहतो, तुझ्या कानात त्याला काही रस नाही. आपल्याकडे हीच बदनामी गोमेच्या वाट्याला आली. अमरकोशात तर तिचं एक नाव ‘कर्णजलौका’ आहे, कानातली जळू.

क्रियापद म्हणून इअरविगचा आधीचा अर्थ वेगळा होता. एखाद्याच्या कानाशी लागून, कुजबुजून त्याचं मत फिरवायचं, म्हणजे आपलं कान फुंकणं. किडा आत शिरतो, तसं बोलणं आत शिरतं. नंतर कधीतरी अर्थ उलटला आणि कानात बोलणाऱ्याच्या जागी कान देणारा आला.

बारावीच्या निबंधात हा शब्द घालू नकोस. तपासणाऱ्या बाईंना तो टोपच वाटेल.